अंड्याचं तेवढं ध्यानात ठेव

शिरूर, ८ जानेवारी १९७६

अक्का,
सप्रेम जयभीम.

पोस्टकार्डच टाकणार होते, पण आमचा पोस्टमन कार्डं आधी स्वतः वाचतो, मग गल्लीला सांगतो आणि उरलं तर मालकाच्या हातात देतो. म्हणून आंतर्देशीय घेतलं.

आमच्या शेवंताला बघायला माणसं येणार आहेत. पंचवीस तारखेला, रविवारी. स्थळ भांडगावचं. मुलगा बाळासो पिंपरीला कंपनीत टर्नर आहे. बाप लहानपणीच गेला, आजीनं वाढवलं. आजीचं नाव ताईबाई, आणि त्या घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही असं ऐकते. मुलाचे चुलते बापूसाहेब पुण्याला मिलिटरीच्या ऑफिसात हेडक्लार्क. ते म्हणे घरी टेबलाशी बसून जेवतात आणि भातसुद्धा चमच्यानं खातात. आमच्या ह्यांनी शाळेतलं टेबल आणि दोन बाकं मागून ठेवली आहेत. मास्तरकीचा तेवढा एक फायदा. शेजारच्या आक्काबाईंनी पांढरी चादर कबूल केली आहे. आता त्या चादरीवर पत्र्याचे चमचे मांडायचे की आणखी काही, एवढंच ठरायचं आहे.

मी तुझ्याकडे काही मागत नाहीये हं. नुसतं कळवतेय. तुझ्याकडची ती बंगल्यातली चांदीची भांडी वर्षभर कपाटात बसून असतात, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला बाहेर निघतात, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांचे डोळे दिपवतात आणि परत आत जातात, हे मला माहीत आहे. पाठवावीशी वाटली तर पाठव. नाही पाठवलीस तरी माझं काही अडत नाही.

लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीच्या चमच्यांवर कोण डोळा ठेवतं? मी ठेवते. बंगल्याचे डिक्रूज साहेब रिटायर होऊन ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हापासून ठेवते. मेमसाहेबानं जाताना जेवणाच्या टेबलावरचं सगळं आपल्या आबांना दिलं. चहाची किटली, दुधाचा जग, साखरेचं झाकणाचं भांडं, ट्रे, काटे, सुऱ्या, डझनभर मोठे चमचे आणि तो टोस्ट उभे ठेवायचा कमानी-कमानींचा स्टँड. आबांनी जन्मभर त्या टेबलाशी उभं राहून बटलरकी केली होती. दौंडच्या बाजारात हॉटेलवाला त्यांना कानतुटक्या कपात बाहेर चहा द्यायचा, आणि बंगल्यात त्याच हातात चांदीची किटली असायची. तेव्हा ती भांडी त्यांच्या हक्काचीच होती, त्याबद्दल मी बोलत नाही. पण त्यांनी ती सगळीच्या सगळी तुला दिली. मला एक चमचासुद्धा नाही.

तसं ते लहानपणीच ठरलं होतं म्हण. बंगल्यामागच्या खोलीत दुपारी आबा तुला मांडीला मांडी लावून चमचे पुसायला बसवायचे, आणि मला म्हणायचे, "नकुशे, तू कोंबड्या बघ." तू चांदी पुसायचीस, मी अंडी गोळा करायची. मेमसाहेब तुला डॉरोथी म्हणायची, कारण धुरपदा तिच्या तोंडात बसत नव्हतं. मला म्हणायची अंडावाली. माझं नाव तिनं कधी विचारलंच नाही. बरंच झालं म्हणा. आता मुली नकोत म्हणून ठेवलेलं नाव, काय सांगणार होते? आणि एवढं करून माझ्या पाठीवर मुलगा आलाच नाही. म्हणजे नावही फुकट गेलं.

असो. आबांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? लावत असशीलच. तुझं कधी काही राहत नाही.

तुझी
नकुशी


शिरूर, २० जानेवारी १९७६

अक्का, जयभीम.

हे रविवारी रात्री पेटी घेऊन सुखरूप पोचले. एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसले होते, शेजारच्या माणसाला वाटलं बाजाची पेटी आहे. त्यानं म्हणे एक गाणं म्हणायचा आग्रह धरला.

मी मागितली नव्हती, तू पाठवलीस, हे तेवढं लक्षात असू दे.

सगळं उघडून बघितलं. किटलीत माझं तोंड बघितलं, नाक एवढं मोठं दिसतं. आक्काबाई बघायला आल्या होत्या, त्यांना किटलीला हात लावू दिला नाही. म्हटलं, "बोटं उमटत्यात." मला ते म्हणताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू इतकी वर्षं कशी जगत असशील ते एका क्षणात कळलं.

चमच्याच्या दांडीमागं चार इंग्रजी अक्षरं आहेत. ह्यांनी चष्मा लावून वाचली: ई, पी, एन, एस. हे म्हणाले, मेमसाहेबाच्या नावाची असतील. मी म्हटलं, पहिली दोन असतील तिची. शेवटची दोन बघा, एन आणि एस. नकुशी सावळाराम. आता बोला, कुणाच्या नशिबातली होती ही भांडी? हे हसले. मी हसले नाही.

आणि टोस्टचा स्टँड कुठं आहे? मी पेटीतला पेंढासुद्धा उपसला. त्यात पापड उभे ठेवायचे असं मी मनात धरलं होतं. बाकीचं पाठवलंस आणि नेमका तोच ठेवून घेतलास. सगळं दिलं असं होऊ नये म्हणून एक तरी वस्तू मागं ठेवायची, होय ना? ठेव बाई. पापड ताटलीत आडवे ठेवले तरी मोडत नाहीत.

निघताना दारात तू ह्यांना म्हणालीस म्हणे, "नकुशीला म्हनावं, अंड्याचं तेवढं ध्यानात ठेव." ह्यांनी निरोप शब्दाला शब्द सांगितला. मास्तर माणूस, कानामात्रा चुकायची नाही. अर्थ विचारला तर म्हणाले, "तुम्हा बहिणींचं तुम्हाला ठाऊक."

मला कळला अर्थ. चांदी पाठवलीस, पण मी अजून अंडावालीच आहे याची आठवण बरोबर बांधून दिलीस. आणि दुसराही अर्थ कळला. रविवारी बंगल्यावर आबा अंड्याचा रस्सा करायचे, खोबरं भाजून, वरून लसणाचा तडका देऊन, आणि डिक्रूज साहेब दोनदा घ्यायचे. चांदीच्या तोलाचा तोच एक पदार्थ, आणि तो नकुशीला काय जमणार, असंच ना?

मटणाचा बेत मी रद्द केला आहे. आता अंड्याचा रस्साच होणार. तुझ्या निरोपाचं चीज करून दाखवते.

नकुशी


शिरूर, २७ जानेवारी १९७६

सौ. धुरपदाबाई यांस,
जयभीम. आपण पाठवलेल्या भांड्यांचा काय उपयोग झाला ते कळवते, म्हणजे आपल्याला समाधान वाटेल.

एस.टी.ला उशीर झाला. मी तोवर टेबल मांडून बसले होते. पांढरी चादर, मध्ये किटली, वाट्यांत रस्सा, रस्स्यात अर्धी केलेली अंडी, आणि प्रत्येक वाटीत एक चांदीचा चमचा बुडवून ठेवलेला, दांडी बाहेर. वर ताटल्या झाकल्या. पाहुणे आले, हातपाय धुतले, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून बाकांवर बसले. बापूसाहेबांनी टेबलावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "वा! ही तर साहेबाच्या बंगल्यातली व्यवस्था झाली." अक्का, त्या एका वाक्यावर मी वर्षभर उपाशी राहिले असते.

मग ताईबाईनं ताटली काढली. चमचा वर उचलला, खिडकीच्या उजेडाकडं धरला. जेवढा रस्स्यात होता तेवढा सगळा काळा ठिक्कर. जसा काही चुलीतून काढला होता.

"आगं बया! ह्यो काळा पडला की! चांदी काळी पडली म्हंजी अन्नात इख हाय. माजी सासू सांगायची."

बापूसाहेबांनी आपल्या वाटीतला काढला. काळा. मुलानं काढला. काळा. ह्यांनी काढला, तोही काळा. कुणी कुणाकडं बघेना. बापूसाहेब रुमालानं बोटं पुसायला लागले. ज्या घरात मुलगी द्यायची, त्या घरच्या म्हातारीला माझ्या घरात विष!

शेवंता पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. आजीच्या पुढची वाटी उचलली, तोच काळा चमचा घेतला आणि म्हणाली, "आजी, माझ्या आईच्या हातचं हाय. इख असंल तर पयलं मला लागू द्या." आणि उभ्या उभ्या अर्धं अंडं खाल्लं. मग मुलानंही आपला काळा चमचा उचलला आणि मान खाली घालून खात सुटला. ताईबाई दोघांच्या तोंडाकडं बघत बसली. दोघंही जिवंत आहेत असं दिसल्यावर तिनं चमचा बाजूला ठेवला आणि भाकरी मोडून हातानं खाल्लं. चांगलं खाल्लं. पण जाताना "कळवतो" एवढंच म्हणाले. ना हो, ना नाही.

आता आपण सांगा. जन्मभर ते चमचे पुसणाऱ्या बाईला ते अंड्यानं काळे पडतात हे ठाऊक नव्हतं? ठाऊक असून "अंड्याचं ध्यानात ठेव" असा निरोप पाठवला! मला अंडी करायला लावली. तुला माझ्या पोरीचं बरं बघवत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण तू तिला लहानाचं मोठं केल्यासारखं केलंस. माझं बघवत नाही. एका दिवसासाठी तुझी चांदी माझ्या टेबलावर आली, तेही तुला सोसलं नाही.

उद्या शेवंताबरोबर पेटी परत पाठवते. अकरा चमचे आहेत, मोजून घेऊ नकोस. बारावा मी ठेवून घेतला आहे, सगळ्यात काळा. पुरावा म्हणून.

नकुशी


शिरूर, ९ फेब्रुवारी १९७६

अक्का,

भांडगावहून होकार आला. ताईबाईनं निरोप धाडला, "काळ्या चमच्यानं खानारी पोरगी पायजे आमाला. बाकी चमचे आमच्यात न्हाईत." साखरपुडा बावीसला. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडलंस तरी एवढं कळलेलं बरं.

शेवंता शनिवारी आली, बरोबर आबांना घेऊन. तिनं तुझ्यापाशी सगळं ओकलं हे मला आल्याआल्या सांगितलं. म्हणाली, "तू अर्धंच लिहिलंस, मी पुरं केलं." कुणावर गेली आहे कोण जाणे.

होय, अर्धंच लिहिलं होतं. ती चमचा तोंडाशी नेत होती तेव्हा मी धावले आणि तिचं मनगट धरलं. आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "खाऊ नगंस, दौंडचे चमचे हायेत!" आता तू विचारशील, मला खरंच तसं वाटलं का? रस्सा मी केला होता, त्यात काही नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मग उरले चमचे. आणि चमचे तुझ्या घरून आले होते. हे डोक्यात यायला मला पापणी लवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही, अक्का. जसं काही ते आधीपासून दाराआड येऊन उभं होतं. जळणं जळणं म्हणतात ते कुठवर नेतं बघ.

शेवंतानं हात झटकला. ती काय म्हणाली तेही मी तुला अर्धंच कळवलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या आईच्या हातचं आन् मावशीच्या घरचं हाय." मावशीचं तेवढं मी गाळलं.

हे ऐकून तू नुसती उठलीस म्हणे आणि चहा ठेवलास. चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझं ते चहा ठेवणं दोन दिवस माझ्या छातीवर बसलं आहे.

आणि तो टोस्टचा स्टँड. शेवंता म्हणाली, तो मावशीच्या फडताळावर आहे, आणि त्यात मी तुला लिहिलेली पत्रं आहेत. प्रत्येक कमानीत एका वर्षाची. पापडांसाठी मी तुझ्याशी भांडले, आणि त्यात मीच उभी होते. तू तरी कळवायचं होतंस. पण तू कशाला कळवशील! तू असा चांगुलपणा करतेस आणि गप्प बसतेस, त्याचाच मला जास्त राग येतो, हेही लिहून ठेवते.

आता आबांचं. मी त्यांच्यापुढे तो काळा चमचा टाकला. म्हटलं, "बघा, तुमच्या लाडकीनं काय पाठवलं." त्यांनी ह्यांच्याकडं खडू मागितला. शाळेतला खडू ठेचला, पुरचुंडीत गाळला, ओल्या फडक्यावर घेतला आणि ओट्यावर बसून हळूहळू चमचा पुसायला लागले. मी चुलीपाशी होते.

"अंड्यानं काळा पडतुया ह्यो," ते म्हणाले. "बंगल्यात अंड्याला शिंगाचे चमचे निराळे व्हते. धुरपीनं सांगितलं व्हतं की तुला, अंड्याचं ध्यानात ठेव म्हणून."

"ध्यानात ठेव म्हंजी काय ते नगं सांगायला?"

"म्हंजी अंड्याला लावू नगंस. दुसरं काय व्हईल?"

दुसरं काय व्हईल! ज्या घरात चांदी पुसली त्या घरात त्या वाक्याचा एकच अर्थ. मी कोंबड्यांमागं होते, मला दुसरे दोन सापडले. मग मी विचारलं, ही चार अक्षरं कशाची? तर म्हणाले, "त्यो मुलाम्याचा शिक्का. वरनं चांदीचा हात दिलाय नुसता. आत निराळंच हाय. म्हणून तर राखंनं घासायचं न्हाई." मुलामा, अक्का! तुला ठाऊक होतं? असणारच. मी इतकी वर्षं एका मुलाम्यापायी रक्त आटवलं. नकुशी सावळाराम म्हणून मिरवले ते वेगळंच.

मला इतका राग आला की जे कधी विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "मुलामा तर मुलामा. पण मला एक चमचा द्यावासा वाटला न्हाई तुम्हाला? नकुशी ती नकुशीच, न्हाई का?"

आबांचा हात थांबला. म्हणाले, "आगं, मेमसाब गेली तवा पयल्यांदा मी हितंच आलो व्हतो. ह्याच ओट्यावर बसलो व्हतो. तुला इचारलं, नकुशे, भांडी ठेवतीस का? तू पोळपाटावरनं मान वर न करता म्हणालीस, नको. अक्कालाच द्या, तिचीच हायेत ती."

आणि मला आठवलं. शब्दाला शब्द आठवलं. मी "नको" म्हटलं होतं, आणि लाटणं तसंच हातात धरून वाट बघत बसले होते. कशाची म्हणशील? दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. आपल्यात नको म्हणजे काय असतं, अक्का? पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. नवरी नको म्हणते, आपण घास भरवतो. पहिलं नको कोण खरं धरतं? आबा उठले, चपला घातल्या आणि दौंडच्या एस.टी.त बसून तुझ्याकडं गेले. मी पोळी करपवली. त्या दिवसापासून आजपर्यंत मला वाटत आलं की त्यांनी मला विचारलं ते नावाला, मनात तूच होतीस.

मी म्हटलं, "दुसऱ्यांदा का न्हाई इचारलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही, असं वाटलं. मग म्हणाले, "टेबलावर तशी रीत न्हवती, पोरी. डावीकडनं भांडं धरायचं, एकदा इचारायचं. सायब नो म्हणला की भांडं घिऊन मागं सरायचं. दुसऱ्यांदा इचारलं तर त्यो अपमान झाला त्याचा. मी म्हणलं, माझी पोरगी मास्तरीण झाली. तिचं न्हाई म्हंजी न्हाई. तिला कशाला भरीस घालायचं?"

अक्का, त्यांनी मला साहेबासारखं वागवलं होतं. जगात मला तेवढा मान कुणी दिला नसेल. आणि मी त्याचा विटाळ मानून बसले होते.

मला रडू आलं आणि ते आवरलं नाही. आबा घाबरले. चमचा लख्ख झाला होता, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो ठेव." मी म्हटलं, "नको." मग मीच म्हटलं, "आबा, आता दुसऱ्यांदा इचारा." त्यांनी मान खाली घालून विचारलं, "ठेवतीस का?" मी ठेवला.

बावीसला ये. सगळ्यांना घेऊन ये. मनगट धरलं त्याबद्दल माफी वगैरे मला लिहिता येत नाही. आलीस की पुरणाचं बघते.

तुझी
नकुशी


शिरूर, १ मार्च १९७६

अक्का,
सप्रेम जयभीम.

तुम्ही सगळे आबांसह नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. पोस्टमननं वाचून दाखवलं.

साखरपुडा छान झाला, असं सगळे म्हणतात. ताईबाईनं तुझं लुगडं हातानं चाचपून बघितलं आणि तू आत गेल्यावर मला म्हणाली, "थोरलीचं लई सोसलेलं दिसतंय." मला जरा झोंबलंच. कुणाचं सोसलेलं, ते तिनं विचारलं नाही. सुदैव माझं.

जाताना तू पेटी माझ्या दारात ठेवलीस. "शेवंताला दे, न्हाईतर तू ठेव." मी नको म्हणाले. तू पुन्हा म्हणालीस, मी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा तू पेटी माझ्या पायाशी सरकवलीस, तरी मी नको म्हणाले. तू खट्टू होऊन गेलीस. तुला वाटलं असेल, हिचं अजून गेलं नाही. गेलंय, असं मी म्हणणार नाही. किटली बघितली की अजून जळतेच मी. पण ते नको खरंच नको होतं, अक्का. आयुष्यातलं पहिलं. त्या भांड्यांत मला हवं होतं ते कधी नव्हतंच, वर मुलामा तेवढा होता. तुझी तू ठेव. स्टँडमध्ये पत्रं ठेवत जा, कमान संपली तर ट्रेमध्ये ठेव.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहिते. चार दिवस तू इथं होतीस आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही. हेही म्हणाले, सांगून टाका. पण मला मागायची सवय नाही. मी आजवर कळवत आले, कुरकुरत आले, टोमणे मारत आले. मागितलं कधीच नाही.

मला आबा हवेत.

पाहुणे म्हणून दोन दिवस नाही. राहायला. शेवंता वैशाखात जाईल, मग घरात मी आणि हे. ह्यांच्या शाळेत खडूला तोटा नाही. इथं घोडनदीच्या काठानं सकाळी फिरायला सपाट रस्ता आहे, दौंडसारखा इंजिनांचा धूर नाही. गुडघ्याला तेल मला लावता येतं, तूच एकटी शिकलेली नाहीस. मी परसात कोंबड्या पाळणार आहे, ते अंडी गोळा करतील. त्यांच्याबरोबर मी एक दुपार तरी मांडीला मांडी लावून बसले आहे, असं मला मरायच्या आधी म्हणता यायला पाहिजे. तू बसलीस ती सगळी वर्षं मी मोजत आले आहे, आणि अजून मोजते. त्यातली थोडी मला दे.

तू नको म्हणशील, मला माहीत आहे. म्हणशील, त्यांची पेन्शन इथं, दवाखाना इथं, सवय इथली. आणि तुझंही मन लागणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही नको म्हटलं असतं, आणि वर दोन टोमणेही मारले असते.

पण मी बंगल्यात वाढले असले तरी टेबलाशी उभी नव्हते, अक्का. मी कोंबड्यांमागं होते. तू नको म्हणालीस तर मी भांडं घेऊन मागं सरायची नाही. दुसऱ्यांदा विचारीन, तिसऱ्यांदा विचारीन. आपल्यात तशीच रीत आहे.

तुझी
नकुशी